काळ्या साडीच्या निऱ्या दिसतायत का? : मोठ्या टीव्हीवर वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात मोठ्या टीव्हीबद्दल अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर इतके मेसेज आले की या वेळी फ्रीज आणि वॉशिंग मशीनवाल्यांना थांबायला सांगितलंय. नावं छापत नाहीये, कारण तिघांनी तरी लिहिलंय की घरात अजून खरी किंमत सांगितलेली नाही.

प्रश्न : नमस्कार दादा, ६५ इंची घ्यायचाय, बजेट दोन लाखांपर्यंत ताणलंय. तीन शोरूम फिरलो आणि सगळीकडे सगळेच टीव्ही भारी दिसतात. एक म्हणतो ओलेड घ्या, दुसरा म्हणतो ओलेड कशाला क्यूएलईडी घ्या, तिसरा मिनी एलईडीच्या मागे लागलाय. मला टेक्निकल काही कळत नाही पण डोळे आहेत. दुकानात उभं राहून चित्र चांगलं की वाईट कसं ओळखायचं? (नाशिक)

उत्तर : डोळे आहेत म्हणालात ते बरं झालं, अर्धं काम तिथंच होतं, उरलेलं अर्धं दुकानदार रिमोट हातात देतो का यावर आहे. शोरूममध्ये सगळे टीव्ही भारी दिसतात कारण ते तसे दिसावेत म्हणूनच लावलेले असतात. वर पांढरेफटक लाईट, टीव्ही 'व्हिव्हिड' नाहीतर 'स्टोअर' मोडवर, आणि त्यावर कंपनीचाच डेमो चालू, म्हणजे काळ्या बॅकग्राउंडवर ओतला जाणारा मध, पोपट, फुलं, रात्रीचं कुठलंतरी शहर. त्यात टीव्ही चुकेल असं काहीच नसतं. पेपर विद्यार्थ्यानेच काढलाय म्हटल्यावर शंभरपैकी शंभर पडणारच.

आधी नावांचा घोळ मिटवू. क्यूएलईडी म्हणजे एलसीडीच, मागे एलईडीचा उजेड आणि मध्ये रंग जास्त शुद्ध करणारा क्वांटम डॉटचा थर. मिनी एलईडी म्हणजे पण एलसीडीच, फक्त मागचे एलईडी बारीक आणि हजारोंनी, आणि ते गटागटाने कमीजास्त होतात, त्या गटाला झोन म्हणतात. ओलेडचं गणित वेगळं, तिथं मागे दिवाच नाही, प्रत्येक पिक्सेल, म्हणजे पडद्याचा एकेक ठिपका, स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. आता ४के पडद्यावर जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात. समजा मिनी एलईडीला दोन हजार झोन आहेत, तर एकेका झोनच्या वाट्याला चार हजारांवर पिक्सेल आले, म्हणजे काळ्या आभाळात एक चांदणी दाखवायची तर त्या चार हजार पिक्सेलच्या मागचा उजेड लावावा लागतो आणि चांदणीभोवती धुकट वलय येतं. चांगल्या सेटमध्ये हे वलय फार कमी केलेलं असतं, पण शोधलं की सापडतं. ओलेडला ते नसतंच. म्हणून ओलेडचा काळा तो खरा काळा, खोली अंधारी केली तर पडदा कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते ते कळत नाही.

मी स्वतः एकदा यात फसलोय. सात-आठ वर्षांपूर्वी दुकानातला सगळ्यात झगझगीत दिसणारा सेट घेतला, नाव नाही घेत, आणि पहिल्याच रात्री लाईट बंद करून सिनेमा लावला तर खालच्या सबटायटलच्या भोवती राखाडी धूर, वाक्य आलं की अर्धा पडदा उजळतोय आणि वाक्य गेलं की विझतोय, पंधरा मिनिटांत डोकं उठलं. दुकानात मी सबटायटल लावून बघितलंच नव्हतं हो. कोण बघतं.

तर आता काय बघायचं. मागच्या दिवाळीत मेव्हण्याला घेऊन गेलो होतो, त्याला पण ६५ इंचीच हवा होता. शेजारी शेजारी दोन सेट, त्याने दोन सेकंदांत डावीकडचा निवडला, कारण त्यातला पांढरा जास्त पांढरा. मी म्हटलं थांब. सेल्समन पोराला विनंती करून दोन्ही टीव्ही सिनेमा मोडवर घेतले (फिल्ममेकर मोड, सिनेमा, मूव्ही, काहीही नाव असेल), फोनचा हॉटस्पॉट दिला आणि दोन्हीवर यूट्यूबवरचा एकच व्हिडिओ लावला. सिग्नल एकच पाहिजे, हे विसरू नका, एकावर ४के डेमो आणि दुसऱ्यावर साधा चॅनल असली तुलना काही कामाची नाही. मेव्हणा लगेच म्हणाला, 'दोन्ही पिवळे पडले की.' म्हटलं पाच मिनिटं बघ नुसता, बोलू नको.

व्हिडिओत एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसलेली आजी होती, बाजूला समई, अंगावर काळी चंद्रकळा. डावीकडच्या, म्हणजे त्याने निवडलेल्या टीव्हीवर साडी म्हणजे एक काळा गोळा होता. उजवीकडच्यावर निऱ्या दिसत होत्या, एकेक घडी, गुडघ्यावर ताणलेली आणि खाली सैल झालेली. चेहरा बघितला तर डावीकडे गाल गुळगुळीत आणि जरा लालसर, उजवीकडे सुरकुत्या आणि हनुवटीवरचं गोंदण पण दिसत होतं. मेव्हणा जवळ गेला, मागे आला, परत जवळ गेला. मग म्हणाला, 'हे आधी का नाही दिसलं?' व्हिव्हिड मोडमध्ये उजेड आणि रंग इतके ताणलेले असतात की दोन सेटमधला फरक बुजून जातो, म्हणून नाही दिसलं.

अंधारातले बारकावे आणि माणसाची कातडी, मी आधी या दोनच गोष्टी बघतो. हिरवं रान आणि निळं पाणी कसंही दाखवलं तरी चालून जातं, तो पोपट मुळात किती हिरवा होता कुणाला माहीत. पण चेहरा चुकला की आपल्याला लगेच कळतं, आपण जन्मभर तेच बघत आलोय.

त्यानंतर धुकं. पावसाळ्यातल्या घाटाचा नाहीतर पहाटेच्या आभाळाचा एखादा शॉट लावा. राखाडीचा पांढरा सलग होत गेला पाहिजे, नकाशावर डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात तसे पट्टे दिसले तर गडबड आहे. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४, त्यामुळे १० बिटचा व्हिडिओ असला आणि तरी पट्टे पडत असतील तर दोष टीव्हीच्या प्रोसेसिंगचा. यूट्यूबवर मात्र कधीकधी व्हिडिओच इतका दाबलेला असतो की पट्टे त्यातच असतात, म्हणून दोन टीव्हींवर एकच लावून बघा म्हणतोय, दोन्हीवर सारखे पट्टे असतील तर टीव्हीला शिव्या देऊ नका.

बाजूला सरकून पण बघा. घरी सोफ्याच्या मधल्या जागेवर एकच माणूस बसतो, बाकीचे कडेला, आणि आमच्याकडे तर एकजण कायम जेवणाच्या टेबलावरून तिरकं बघतो. बऱ्याच एलसीडी पॅनलवर कडेने बघितलं की रंग उडतात आणि काळा करडा होतो. ओलेडमध्ये हा त्रास फार कमी.

आणि शेवटी, सेल्समन तोंड वाकडं करेल पण त्याला साधा चॅनल लावायला सांगा. तुम्ही वर्षातले तीनशे दिवस जे बघणार आहात ते लावून बघायला लाजायचं कशाला? घरी अंधार करून सिनेमे बघणार असाल तर दोन लाखांत ओलेडच घ्या, तसं नसेल तर खालचं उत्तर वाचा. आणि मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झालाय, तेव्हा 'एवढा डिस्काउंट फक्त तुम्हाला' म्हणून कुणी जुनी एमआरपी दाखवली तर हसून पुढे जा.

प्रश्न : आमच्या हॉलला पूर्ण भिंतभर खिडकी आहे, पडदे आहेत पण आई लावू देत नाही. दुपारी क्रिकेट, रात्री वेब सिरीज. एका टीव्हीच्या जाहिरातीत ३००० निट्स लिहिलंय, दुसरा ओलेड आहे त्याचं आकड्यात काहीच नाही. जास्त निट्सवाला घेतला की काम झालं ना? (ठाणे)

उत्तर : निट्स म्हणजे उजेडाचं माप, आणि जाहिरातीतला आकडा जवळजवळ नेहमी पडद्याच्या एका छोट्याशा तुकड्याचा असतो. म्हणजे काळ्या पडद्यावर मधोमध एक पांढरा चौकोन, पडद्याच्या दोन टक्के नाहीतर दहा टक्के, तो क्षणभर किती उजळतो ते. क्रिकेटचं दुपारचं मैदान म्हणजे चौकोन नव्हे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळं उन्हातलं हिरवं. ओलेडला अख्खा पडदा एकदम पेटवणं जड जातं, वीज आणि उष्णता वाढते म्हणून तो स्वतःच उजेड उतरवतो. छोट्या तुकड्यात दीड-दोन हजार निट्स दाखवणारे महागडे ओलेड पडदाभर पांढरं आलं की अडीचशे ते चारशेच्या आसपास येतात. चांगला मिनी एलईडी तिथं सहा-सातशे सहज टिकवतो. तुमची खिडकी आणि तुमची आई दोन्ही बघता मिनी एलईडी.

पण निट्सपेक्षा आधी एक करा. दुकानात टीव्ही बंद करायला सांगा आणि काळ्या पडद्यासमोर उभे रहा. स्वतःचा चेहरा, मागची ट्यूबलाईट, सेल्समनचा टाय किती स्वच्छ दिसतोय? जितका स्वच्छ तितकी तुमची खिडकी घरी सिनेमात घुसणार. काही पडद्यांवर हे प्रतिबिंब नुसतं अंधुक होतं, काहींवर पार पसरून जातं, काहींचा आरसाच असतो. ओलेडमध्ये पण दोन जाती आहेत हे फार लोकांना माहीत नसतं. एलजीचं पॅनल पांढऱ्या ओलेडवर रंगाचे फिल्टर लावून चालतं, आणि सॅमसंग डिस्प्लेचं क्यूडी-ओलेड, जे २०२२ पासून टीव्हीत आलं, त्यात निळ्या उजेडातून क्वांटम डॉटने लाल-हिरवा काढतात. क्यूडी-ओलेडचे रंग भडक उजेडातसुद्धा फार सुंदर, पण त्याच्यावर पोलरायझरचा, म्हणजे बाहेरचा उजेड गिळणारा, थर नाही, त्यामुळे खोलीत उजेड असला की काळा जरा जांभळट राखाडी दिसतो. रात्री तोच टीव्ही कुणाला ऐकत नाही.

क्रिकेटवाल्यांनी अजून एक बघायचं. कॅमेरा उंच मारलेल्या चेंडूमागे धावतो तेव्हा हिरव्या मैदानावर उभे पट्टे किंवा मळकट डाग सरकताना दिसतात का. चित्र सरकतं पण डाग जागेवर राहतात, म्हणून डोळ्याला खुपतात, काच पुसायची राहिलीय असं वाटतं. हा प्रत्येक नगाचा वेगळा दोष असतो, मॉडेलचा नाही, त्यामुळे दुकानात बघितलेला नग चांगला म्हणजे खोक्यातला तुमचा चांगलाच असेल असं काही नाही. घरी आला की पहिल्या दोन-चार दिवसांत पूर्ण राखाडी पडदा लावून बघा, यूट्यूबवर असे टेस्ट व्हिडिओ मिळतात. बदलून मागायचा तर तेव्हाच मागावा लागतो, सहा महिन्यांनी कुणी ऐकत नाही.

प्रश्न : तुमचं ऐकून सिनेमा मोड लावला आणि घरात भांडण झालं. मिस्टर म्हणतात दोन लाखांच्या टीव्हीला कावीळ झालीय. मला पण मनातून पिवळाच वाटतो. खरं काय? (कोथरूड, पुणे)

उत्तर : ताई, आपल्या आज्या-आया पांढऱ्या धोतराला नीळ का घालायच्या? निळसर पांढरा आपल्या डोळ्याला जास्त स्वच्छ वाटतो म्हणून. टीव्ही कंपन्या तेच करतात, दुकानातल्या मोडला भरपूर नीळ घातलेली असते. सिनेमा आणि सिरीज ज्या मॉनिटरवर रंग ठरवून तयार होतात तिथला पांढरा ठरलेला आहे, डी६५ म्हणतात त्याला, साधारण ६५०० केल्विन, ढगाळ दुपारच्या उजेडासारखा. सिनेमा मोड त्याच्या जवळ जातो. म्हणजे दिग्दर्शकाने संध्याकाळचं ऊन जसं बघितलं तसं तुम्हाला दिसावं हा हेतू.

डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो. आठ-दहा दिवस तसाच ठेवा आणि मग मिस्टरांनाच रिमोट देऊन परत व्हिव्हिड लावायला सांगा, निळ्या ट्यूबलाईटखाली माणसं बसवल्यासारखी दिसतील. दुसरं म्हणजे खोलीतले दिवे. घरात सगळे पांढरेनिळे एलईडी बल्ब लावलेले असतील तर त्या उजेडात कुठलाही योग्य पांढरा पिवळाच वाटणार. रात्री बघताना ते बंद करा, टीव्हीच्या मागे भिंतीवर एक मंद दिवा चालेल. आणि तरी नाहीच पटलं तर कलर टेम्परेचर 'वॉर्म'वरून एक पायरी खाली आणा आणि भांडण मिटवा, टीव्ही तुमचा आहे, दिग्दर्शक काही बघायला येत नाही.

प्रश्न : भावा, ७७ इंची घेतला, एक नंबर आहे, पण सिनेमा लावला की सिनेमा वाटतच नाही. मालिकेचं शूटिंग समोर चाललंय असं वाटतं. मोठमोठे हिरो आपल्या गल्लीतल्या कार्यक्रमात नाचल्यासारखे दिसतात. पॅनल खराब आलाय काय? (कोल्हापूर)

उत्तर : पॅनल एकदम ठीक आहे, टीव्ही आगाऊपणा करतोय. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमवर शूट होतो, हे बोलपट आल्यापासून जवळपास शंभर वर्षं चालत आलंय आणि आपल्या डोक्यात 'सिनेमा' म्हणजे तीच हलकीशी थरथर बसलीय. मालिका, मॅच, बातम्या सेकंदाला ५० वेळा बदलणाऱ्या चित्राच्या असतात, म्हणून त्या गुळगुळीत. आता तुमचा टीव्ही काय करतो, दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने खोट्या फ्रेम तयार करून घुसवतो, की हालचाल मऊ व्हावी. त्यामुळे सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो, आणि मारामारीत हाताच्या कडेला पाणी सांडल्यासारखं काहीतरी लवलवतं ते वेगळंच.

यावर तर २०१८ च्या डिसेंबरमध्ये खुद्द टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वेरीला शेजारी उभं करून व्हिडिओ टाकला होता, की बाबांनो घरी सिनेमा बघताना हे बंद करा. पुढच्या वर्षी यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि फिल्म स्टुडिओंच्या संघटनेने फिल्ममेकर मोड जाहीर केला, एका बटणात ही असली सगळी कारागिरी बंद. तुमच्या सेटमध्ये तो असेल तर लावा आणि विसरा. नसेल तर मेनूत शोधा, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी.

पण आता माझं मत ऐका, पुष्कळ जाणकार माझ्यावर चिडतील. ओलेडवर हे शून्यावर नेऊ नका. ओलेडचा पिक्सेल इतका चटकन बदलतो की २४ फ्रेममधली प्रत्येक फ्रेम ठक्क करून उभी राहते, आणि कॅमेरा डोंगरावरून सावकाश फिरत असेल तर डोंगर झटके खात जातो. जुन्या एलसीडीचा पिक्सेल आळशी होता, त्याच्या आळसात हे झाकलं जायचं. म्हणून दहापैकी एक-दोनवर ठेवा, तेवढ्याने झटका मरतो आणि मालिका पण होत नाही. मॅच लावाल तेव्हा हवं तर वाढवा. आणि विकत घ्यायच्या आधी विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं की सावकाश फिरणारा कॅमेरा दुकानात लावून बघा, त्याच्यात स्वस्त आणि महाग प्रोसेसरमधला फरक जेवढा कळतो तेवढा कशातच कळत नाही.

प्रश्न : वडील रिटायर्ड, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत मराठी न्यूज चॅनल. आम्हाला ओलेड घ्यायचाय. बर्न-इन वगैरे खरं असतं का की घाबरवतात? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : खरं असतं. बर्न-इन म्हणजे एकाच जागी राहिलेल्या चित्राचा पडद्यावर उमटलेला कायमचा डाग. ओलेडचा पिक्सेल जितका पेटतो तितका झिजतो, आणि आपल्या न्यूज चॅनलवर काय असतं ते आठवा. खाली लाल पट्टा, त्याच्याखाली पिवळा पट्टा, कोपऱ्यात लोगो, दुसऱ्या कोपऱ्यात घड्याळ, मधे 'सर्वात मोठी बातमी', आणि उरलेल्या जागेत बातमी देणारा माणूस. ते पट्टे सोळा तास जागचे हलत नाहीत. नवे पॅनल खूप सुधारलेत, लोगो ओळखून तेवढा भाग मंद करतात वगैरे, पण वडिलांच्या दिनक्रमापुढे त्यांचं किती चालणार. मिनी एलईडी घ्या, नाहीतर वडिलांना त्यांच्या खोलीत ४३ इंची साधा घेऊन द्या आणि हॉलमध्ये ओलेड लावा, ज्यांच्याकडे जागा आहे ते असंच करतायत.

ज्यांच्याकडे ओलेड आहेच त्यांच्यासाठी एक, रात्री झोपताना भिंतीवरचा मेन स्विच बंद करायची आपल्याकडे सवय असते, ती मोडा. काही तास वापर झाला की ओलेड स्टँडबायवर असताना पिक्सेलची झीज मोजून आपली आपण दुरुस्ती करून घेतो. वीजच तोडली तर ते राहून जातं.

प्रश्न : एचडीआर सिनेमा लावला की आमचा टीव्ही उलट काळोखी होतो. एचडीआर म्हणजे जास्त ब्राईट ना? मग हे काय? बायको म्हणते परत कर. (मडगाव, गोवा)

उत्तर : परत करू नका, आधी पॉवर सेव्हिंग बंद करा. मेनूत 'एनर्जी सेव्हिंग', 'इको' असल्या नावाखाली असतं, कारखान्यातून चालूच येतं, खोलीतला उजेड कमी झाला की टीव्ही गुपचूप मंद करतं. एसडीआर (म्हणजे साधं चित्र), एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) यांची सेटिंग बहुतेक सेटमध्ये वेगवेगळी जपली जातात, तेव्हा एचडीआर सिनेमा प्रत्यक्ष चालू असताना मेनू उघडून बदला, नाहीतर बदल साध्या चित्राला लागेल आणि तुम्ही म्हणाल काही फरक पडला नाही.

आता का होतं ते. एचडीआर म्हणजे अख्खं चित्र ब्राईट नव्हे. सिनेमातली खोली, माणसं, भिंती साधारण पूर्वीइतक्याच उजेडात असतात, फक्त दिव्याची ज्योत, समुद्रावरचं ऊन, गाडीचे हेडलाईट हे शेकडो नाहीतर हजारो निट्सपर्यंत जातात. बरेच सिनेमे १००० निट्सच्या मॉनिटरवर तयार होतात, काही ४०००च्या, आणि एचडीआरचं गणित १०,००० पर्यंत लिहून ठेवलेलं आहे. टीव्ही तेवढा उजळू शकत नसेल तर त्याला ती मोठी रेंज आपल्या छोट्या पिशवीत कोंबावी लागते, त्याला टोन मॅपिंग म्हणतात. कच्चा टीव्ही हेडलाईट वाचवायच्या नादात सगळंच चित्र खाली दाबतो. 'डायनॅमिक टोन मॅपिंग' नावाचं बटण सापडलं तर दिवसा ते चालू ठेवा. डॉल्बी व्हिजनमध्ये प्रत्येक सीनची वेगळी सूचना टीव्हीला मिळते त्यामुळे कोंबाकोंबी जरा शहाणपणाने होते. सॅमसंगच्या टीव्हीत मात्र डॉल्बी व्हिजन नसतं, ते एचडीआर१०प्लस या तसल्याच दुसऱ्या प्रकारवाले.

आणि नेट बघा. ४केसाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस मागतं, आणि प्लॅन पण वरचा लागतो. खालच्या प्लॅनवर पैसे वाचवून दोन लाखांच्या टीव्हीवर बघणारे मला दर आठवड्याला भेटतात.

प्रश्न : सोफा ते टीव्ही १० फूट. ५५ पुरे की ६५? (रत्नागिरी)

उत्तर : ६५, आणि भिंत परवानगी देत असेल तर ७७. ६५ इंचीची उंची ८१ सेंटीमीटर असते. चष्म्याचा नंबर नसलेला माणूस साडेआठ फुटांपलीकडे बसला की त्या आकारावर फुल एचडी आणि ४के यातला बारकावा त्याला वेगळा काढता येत नाही. म्हणजे १० फुटांवरून ६५ वरसुद्धा हा बारकावा थोडा हुकतो, आणि ५५ वर तर ४केचे पैसे जवळजवळ पाण्यात. एचडीआरचा आणि काळ्याचा फायदा मिळतोच, तो अंतरावर अवलंबून नाही.

प्रश्न : सर, सासऱ्यांनी हौसेने ६५ इंचीचा सगळ्यात महाग टीव्ही आणला. सिरीयल लावली तर सगळ्यांचे चेहरे वितळल्यासारखे, अक्षरं फुटकी. सासरे म्हणतात आपला २१ इंची डबा होता त्यात याच्यापेक्षा स्वच्छ दिसायचं. दुकानदार म्हणतो सॉफ्टवेअर अपडेट होईल. तीन आठवडे झाले. (सांगली)

उत्तर : सासरे चुकत नाहीयेत. साधा एसडी चॅनल म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपके, चार लाखांच्या आसपास, तेसुद्धा डीटीएचवाल्याने दाबून दाबून पाठवलेले. २१ इंची डब्यात ते जवळजवळ बसायचे. आता तेच चार लाख ताणून ८३ लाख करायचे म्हणजे एका ठिपक्याच्या जागी वीस, त्यातले एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरलेले. चांगला प्रोसेसर बरा अंदाज करतो, पण ताकाचं दूध करता येत नाही. एचडी चॅनल म्हणजे २० लाख ठिपके, तिथून वर चढवणं पुष्कळ सोपं, म्हणून पॅकमध्ये तुमच्या रोजच्या दोन-तीन मराठी चॅनलचं एचडी घ्या. शार्पनेस शून्याजवळ आणा, दुकानदाराने पन्नासच्या वर ठेवलेला असतो आणि तो त्या फुटक्या अक्षरांनाच धार लावतोय.

पण या सगळ्याच्या आधी टीव्हीच्या मागे हात घाला, सासऱ्यांना टॉर्च धरायला सांगा, आणि सेट टॉप बॉक्समधून येणारी वायर कुठली आहे ते बघा. जुन्या डब्याची लाल, पांढरी, पिवळी पिनवाली वायरच काढून इथं लावलेली असेल अशी माझी पैज आहे. त्या पिवळ्या पिनमधून एचडी जातच नाही, कितीही अपडेट येऊ देत. बॉक्सला एचडीएमआयचं भोक आहे का बघा, नसेल तर बॉक्सच जुना आहे, बदलून मागा. पिवळी पिन निघाली तर मला फोटो पाठवा, अशा फोटोंचा माझ्याकडे चांगला संग्रह झालाय.